पोटयादीतला माणूस : निहालांच्या इतिहासाविषयी

बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा आणि लोणारचे सरोवर पुढे येते. पाठ्यपुस्तक तेथेच थांबते आणि शिकवणारे आम्हीही तेथेच थांबतो. पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोद तालुक्यात सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावे आहेत. या भागात निहाल राहतात. ते स्वतःला ‘काल्टो’ म्हणवतात. त्यांची निहाली भाषा मराठीची बहीण नाही, कोरकूची लेक नाही, गोंडीच्या कुळातलीही नाही. जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही.

असा समाज इतिहासात कसा नोंदला गेला? १९०६ साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने निहालीला कोरकूच्या पोटात घातले. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी निहालांना भिल्ल व कोरकू यांचे मिश्रण ठरवले आणि लुटारूपणाचा शिक्काही मारला. जुन्या मराठी कागदांत डोंगरी लुटारूंसाठी ‘नहाल, भिल्ल, कोळी’ असा जोडशब्दच होता. १९६२ मध्ये कायपर या डच पंडिताला निहालीच्या शब्दसंग्रहाचा सुमारे पाव हिस्सा कोणत्याच ज्ञात भाषेशी जुळत नसल्याचे आढळले. तरीही ही चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी असू शकेल, अशी शंका त्याने मांडलीच. आधी माणसाला चोर ठरवायचे आणि मग त्याच्या भाषेत चोरी शोधायची, हा क्रम आपल्याला नवा नाही. शिक्का मारणारा लिहिता होता, ज्याच्यावर मारला तो लिहिता नव्हता, एवढाच काय तो पुरावा!

ज्यांच्याजवळ बखर नाही, त्यांची भाषा हीच त्यांची बखर असते. निहालीत पाणी म्हणजे ‘जोप्पो’, विस्तव म्हणजे ‘आपो’. एकासाठी ‘बिडुम’ आहे; दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत; पाचापासून पुढची मोजणी आर्य भाषांतून आली आहे. कोरकू शब्द तर विपुल आहेत. कोणाच्या शेजारात राहावे लागले, कोणाच्या बाजारात मोजावे लागले, याची ही नोंद आहे. ती वाचण्याचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शैलेंद्र मोहन यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले आहे. मात्र ती अजून आपल्या चळवळीच्या वाचनात आलेली नाही.

१८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली संसदेने दिली ती २००६ च्या वनहक्क कायद्यात. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल आहेत, पण कोरकूंच्या पोटात. जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत. निहालीचे भाषक अडीच हजारांच्या आसपास मानले जातात. म्हणजे माणूस मोजला जातो, त्याची भाषा मोजली जात नाही.

अमेरिकेच्या मेन राज्यातील पेनॉबस्कॉट लोकांची कहाणी याच जातीची आहे. १७५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या गोऱ्या शासनाने त्यांची टाळू कापून आणणाऱ्यास इनाम जाहीर केले होते. लढून त्यांनी १९८० साली जमिनीच्या दाव्याचा निवाडा मिळवला. पण जन्मापासून त्यांची भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती १९९३ मध्ये गेली. आज ते शब्दकोश उघडून मुलांना आपल्या आजीची भाषा शिकवतात. निहाली अजून घराघरांत बोलली जाते. शब्दकोशावर येण्याची पाळी आपण त्यांच्यावर आणायची काय?

आमच्या घरातून शाळेची पायरी चढणारा मी पहिला. वस्तीची बोली तोंडातून निघताच वर्ग हसे, हे मी विसरलेलो नाही. पण निहालांच्या मुलांसमोर तीच हसणारी भाषा मराठी असते, आणि ती आता माझीही भाषा आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद आपण अवश्य मानावा. मात्र याच राज्यात, याच जिल्ह्यात एक भाषा पोटयादीत घुसमटते आहे, याची लाजही वाटली पाहिजे. आपल्यावर दुसऱ्यांनी लादलेली नावे आपण फेकून दिली. काल्टोंना त्यांच्या नावाने हाक मारणे, त्यांच्या मुलांना पहिली अक्षरे त्यांच्याच भाषेतून मिळावीत म्हणून झगडणे, आणि त्यांचा इतिहास त्यांच्याच हातून लिहिला जाईल तोवर आपली लेखणी थोडी बाजूला सरकवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.