बदलांची वही

संगणकाच्या इतिहासांत वेगाची व बुद्धिमत्तेची चर्चा पुष्कळ होते. हिशेबनीसाची फारशी होत नाहीं. आज मी अशाच एका मूक हिशेबनीसाविषयीं बोलणार आहें. बँकांचीं खातीं, रुग्णालयांतील नोंदी, विद्यापीठांच्या गुणपत्रिका ह्यांची राखून ठेवलेली दुसरी प्रत खरी कीं खोटी, हें पुष्कळदां त्याच्याच वहीवर अवलंबून असतें.

माहिती सांठविणारी चुंबकीय डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणली. तींत ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या व त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. पुढें त्याच कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रांत एक निराळीच कल्पना आकारास आली. एका यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें नांदवावयाचीं, आणि प्रत्येकास आपण स्वतंत्र आहों असें भासवावयाचें! १९६७ सालीं ही व्यवस्था तेथें चालूं झाली व १९७२ सालीं व्हीएम-३७० ह्या नांवानें जाहीर झाली. १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें तीच सोय मेजावरच्या साध्या संगणकावर आणली.

यंत्र आभासी, तशी त्याची डिस्कही आभासी. वस्तुतः ती यजमान संगणकावरील एक प्रचंड फाईल असते. तिची प्रत रोज घ्यावी हें शहाणपण खरें. परंतु लक्षावधि पानांच्या ग्रंथांतील दहा पानें बदललीं म्हणून रोज सारा ग्रंथ उतरून कोणीं काढावा? जुनी प्रत व नवी प्रत ताडून पाहावी म्हटलें, तर दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. फाईलीवरील तारीख पाहावी, तर एका ओळीच्या दुरुस्तीसाठीं सबंध जाडजूड खतावणी नकलावी लागते.

ह्यावरील उपाय आभासी यंत्राच्या घडणींतच दडलेला होता. आंतलें यंत्र जें जें लिहितें, तें यजमानाच्या हातूनच डिस्कवर जातें. मग मागाहून शोध कशाला? दारांतच नोंद करावी! डिस्कचे समान तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडावेत. प्रत्येकास वहींत एक चौकट द्यावी. आणि ब्लॉकवर कांहींहि लिहिलें गेलें कीं तिच्यांत शून्याचा एक करावा. इतकेंच. १ टेबिबाइटच्या डिस्कचे ६४ किबिबाइटचे ब्लॉक पाडले, तर चौकटी होतात १,६७,७७,२१६. आणि ही सारी वही अवघ्या २ मेबिबाइटांत मावते. इंग्रजींत अशा बदललेल्या ब्लॉकला ‘डर्टी’, म्हणजे मळका, म्हणतात. त्यांत निंदा नाहीं. त्याची नक्कल व्हावयाची आहे, एवढाच अर्थ.

व्हीएमवेअरनें २००९ सालच्या व्हीस्फिअर ४ मध्यें ही सोय दिली. फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच गृहस्थानें २००३ सालीं सुरू केलेल्या क्यूईएमयू ह्या मुक्त प्रणालींत ही वही मजल्यांची आहे. खालच्या ६४ चौकटींमागें वर एक चौकट असते. वरची कोरी असेल तर खालच्या चौसष्टही पाहावयास नकोत. वहीवरून केवळ बदललेल्या ब्लॉकांची प्रत घेण्याची सोय तींत २०१५ सालीं आली. प्रत सुरू होतांच जुनी वही बंद होते व नवी उघडते. नक्कल मध्येंच फसली, तर दोन्ही वह्या एकत्र केल्या जातात. त्यामुळें एकही बदल हरवत नाहीं.

परंतु वही चुकली तर? २०१४ सालीं असा दोष उघडकीस आला. व्हीएमवेअरच्या त्या वेळच्या कांहीं आवृत्त्यांत, नोंद चालूं असतां डिस्क १२८ गिगाबाइटांपलीकडे वाढविली, तर बदललेल्या भागांची यादीच चुकीची येऊं शके. प्रत घेण्याचें काम मात्र बिनतक्रार पार पडे! अशी चूक कळावयाची ती मूळ माहिती नष्ट होऊन प्रत उघडण्याची वेळ आल्यावर. नोंद बंद करून पुनः सुरू करणें व सबंध प्रत नव्यानें घेणें, हाच त्यावर तात्कालिक इलाज होता. दुरुस्त आवृत्त्या मागाहून आल्या.

म्हणून क्यूईएमयूंत २०१७ सालीं वही डिस्कच्या फाईलींतच टिकवून ठेवण्याची सोय झाली, तेव्हां घेतलेली एक खबरदारी मला फार मोलाची वाटते. वही उघडी असतांना तिच्यावर ‘वापरांत’ अशी खूण असते. काम रीतसर आटोपलें तरच ती पुसली जाते. वीज अकस्मात् गेली, तर खूण तशीच राहते. आणि पुढच्या वेळीं ती वही प्रमाण मानली जात नाहीं. सबंध प्रत पुनः घ्यावी लागते; वेळ जातो, खर्च होतो, पण खोटा विश्वास बसत नाहीं.

शाळेंतला हजेरीपट असो, पेढीवरची किर्द असो कीं ही अदृश्य वही असो, नियम एकच. अपुरी नोंद पुरती म्हणून खपविण्यापेक्षां ती अपुरी आहे असें स्पष्ट सांगणारा कारकून अधिक भरंवशाचा. आपल्या घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें ह्यांची प्रत आपण ठेवीत असाल, तर ती वर्षांतून एकदां तरी उघडून, ताडून पाहावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.