कागदी भिंतीला ठिगळ

अमेरिकेतल्या घरात दार जोरात उघडलं की त्याची मूठ भिंतीत घुसते आणि लिंबाएवढं भोक पडतं. विटांच्या भिंतीत खिळा ठोकताना खिळाच वाकलेला पाहणाऱ्या माणसाला हा प्रकार विचित्र वाटतो. पण ती भिंत मुळात दोन कागदांमध्ये दाबलेल्या जिप्समची आहे, जेमतेम अर्धा इंच जाडीची.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या भिंती वेगळ्या होत्या. लाकडाच्या अरुंद पट्ट्या थोडी फट सोडून ठोकायच्या आणि त्यांवर गिलाव्याचे बहुधा तीन थर चढवायचे. ओला गिलावा फटींतून मागे उतरून तिथेच घट्ट व्हायचा आणि त्या पकडीवर भिंत टिकायची. पकड सुटली की भोक राहायचं एवढंसं, पण आजूबाजूचा वीत-दोन वीत गिलावाही खिळखिळा व्हायचा. मग गवंडी बोलवा, सैल भाग खरवडून काढा, थर द्या, वाळायची वाट पाहा.

1894 साली ऑगस्टिन सॅकेट यांनी लोकरी फेल्ट कागदाच्या थरांमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस घालून केलेल्या बोर्डाचं पेटंट घेतलं. सुरुवातीला त्याचा उपयोग लाकडी पट्ट्यांऐवजी होई; वर गिलावा करावाच लागे. 1909 मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेट यांची कंपनी विकत घेतली आणि 1917 पासून 'शीटरॉक' नावाचा, गिलाव्याची गरज नसलेला बोर्ड विकायला काढला. लोकांना तो स्वस्तातला, तात्पुरता माल वाटायचा. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी बांधलेलं असतं आणि आगीत आधी ते उडून जावं लागतं, म्हणून ज्वाळा बोर्डापाशी बराच वेळ अडतात. हा गुण असूनही गिऱ्हाईक फारसं वळेना.

वळवलं ते दुसऱ्या महायुद्धाने. माणसं आघाडीवर, बांधकाम मात्र तातडीचं. युद्ध संपल्यावर घरांची मागणी इतकी वाढली, की थर वाळायची वाट पाहायला कुणाला सवड नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात 17 हजारांवर घरं उभी राहिली, ती याच बोर्डाच्या भिंतींची.

आणि भोकं बुजवणं घरमालकाच्या हाती आलं. खिळ्याच्या छिद्रात बोटाने लांबी भरली की काम झालं. दाराच्या मुठीचं भोक मात्र अवघड, कारण मागे पोकळी. भरलेला मसाला आत पडतो. त्यावर कारागिरांनी काढलेली एक युक्ती 'कॅलिफोर्निया पॅच' म्हणून ओळखली जाते. भोक चौकोनी कापायचं. बोर्डाचा तुकडा चारही बाजूंनी दीड-दोन इंच मोठा घ्यायचा, मागून कटरने चिरून कडेचं जिप्सम मोडून काढायचं, पण पुढचा कागद शाबूत ठेवायचा. मधला चौकोन भोकात बसतो आणि कागदाची झालर भिंतीवर मसाल्यात चिकटते. मग पातळ हात, प्रत्येक वेळी आधीच्याहून थोडा रुंद, नाहीतर उजेड तिरपा पडला की टेंगूळ दिसतं. सॅकेटच्या बोर्डाला बळ देणारा कागद इथे ठिगळही धरून ठेवतो, ही गंमतच. हल्ली चिकट जाळीचे तयार तुकडे मिळतात. छतातल्या मोठ्या भोकाला मात्र मागे लाकडी पट्टी स्क्रूने आवळल्याशिवाय भरवसा नाही.

या घरगुती कामाला एक काळी बाजूही होती. लांबीला तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात बराच काळ ॲस्बेस्टॉस घालत. वाळलेलं ठिगळ पॉलिश पेपरने घासलं की ते तंतू हवेत उडून फुप्फुसात जायचे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1977 मध्ये अशा लांबीवर बंदी घातली. म्हणून त्याआधीच्या घरात भिंत घासण्यापूर्वी नमुना तपासून घ्यायला सांगतात.

महाराष्ट्रात हा बोर्ड मुख्यतः ऑफिसांच्या पार्टिशनमध्ये आणि फॉल्स सीलिंगमध्ये दिसतो. भिंती अजून विटा-ब्लॉकच्याच. त्यामुळे इथलं भोक मुठीचं नसतं. दिव्याची जागा बदलल्यावर उरलेलं किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या गळतीने पडलेलं असतं. भिजलेला कागद सुटतो, त्यावर बुरशी येते आणि लांबी धरत नाही. जाणता पीओपीवाला म्हणूनच आधी प्लंबरला बोलवायला लावतो, मग ओला तुकडा कापून टाकतो.