एका ‘सा’भोवती तेरा मिनिटं

गिटार शिकताना मी वर्षभर एकाच खोक्यात अडकलो होतो. मायनर पेंटाटॉनिकचे पाच सूर, बारा बारचं चक्र, तीन कॉर्ड. कुठलाही ब्लूज सोलो वाजवला तरी कालचाच वाटायचा. मग एका मित्राने ‘ईस्ट-वेस्ट’ ऐकवलं.

१९६६ साली शिकागोच्या पॉल बटरफील्ड ब्लूज बँडने काढलेल्या अल्बमचा हा शेवटचा ट्रॅक. त्या काळी रेडिओवरची गाणी तीनेक मिनिटांत संपायची. हा तेरा मिनिटं चालतो. मुख्य गिटार माइक ब्लूमफील्डची. सुखवस्तू ज्यू घरातला हा पोरगा शिकागोतल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबांत जाऊन ब्लूज शिकला होता. पुढे पंडित रविशंकरांची सतार आणि जॉन कोल्ट्रेनचा जॅझ त्याच्या कानात बसला. या ट्रॅकला बँडमध्ये आधी ‘द रागा’च म्हणायचे.

हे कळल्यावर माझी कॉलर ताठ. “बघा, आपलंच उचललंय!” असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. तार ओढून सूर चढवणं म्हणजे आपली मींडच ना?

नाही. ती ओढ ब्लूजची स्वतःची आहे. गळ्यातून आलेली, बाटलीच्या मानेने तारांवर घसरलेली, बी. बी. किंगच्या बोटांत मुरलेली. ती शिकायला ब्लूमफील्डला सतारीची गरज नव्हती.

मग त्याने घेतलं काय? थांबणं. कॉर्ड बदलणं बंद. बास एकाच सुराभोवती फिरत राहतो, तानपुऱ्यासारखा. पायाखालची जमीन हलत नाही, म्हणून वर वाजवणाऱ्याला वेळ मिळतो. दोन सूर घोळवा, तिसरा उशिरा आणा, हळूहळू चढा, मग ओसरा.

हा राग मात्र नव्हे. रागात सूर ठरले की त्यांची मर्यादा पाळायची. इथे टप्प्याटप्प्याने स्केलच बदलतं. ती मोकळीक जॅझची. ड्रमवरचा बिली डेव्हनपोर्टही जॅझमधूनच आलेला.

म्हणजे ब्लूमफील्डने सतारीची नक्कल केली नाही. त्याने तिच्याकडून एकच गोष्ट मागून आणली आणि बाकी घर आपलंच ठेवलं.

हल्ली रियाजाला बसलो की खालची जाड तार छेडतो आणि ती घुमत असताना दहा मिनिटं कॉर्ड बदलत नाही. सूर तेच पाच आहेत. पण आता चौथा वाजवायची घाई होत नाही.