जुन्या ट्रकची केबिन आणि तिच्यावरचे रंगांचे थर

१/ धुळ्यात दोन जुने राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात: मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर–कोलकाता. यांतला दुसरा जळगाव-भुसावळवरून विदर्भात उतरतो. केळी आणि कापूस वाहणाऱ्या या वाटांवर जुन्या ट्रकची केबिन नव्याने रंगवणे ही केवळ हौस मानली जाते. तिचे मूळ मात्र कारखान्यात आणि कायद्यात आहे.

२/ टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवण्यास आरंभ केला. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले. त्या काळी आणि नंतरही कित्येक वर्षे ट्रक बहुधा चेसिस, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग एवढ्याच रूपात विकला जाई. केबिन आणि मागची बॉडी मालक आपल्या भागातील कारागिरांकडून बांधून घेई: लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा.

३/ अशा केबिनचा खरा शत्रू पावसाळा. लाकूड फुगते, पत्र्याचे सांधे उघडतात, पाणी आत मुरते. दाराच्या तळाशी आणि पायाखालच्या पत्र्याला गंज धरतो. वरून रंग चकचकीत असला तरी गंज खाली वाढतच राहतो. म्हणून जुनी केबिन रंगवण्याचे निम्मे काम रंगाआधीचेच असते.

४/ क्रम असा: काचा, दिवे, रबर उतरवणे; तेलकटपणा धुणे; फुगलेला रंग खरवडणे; कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे; खोक ठोकून सरळ करणे. उघड्या पत्र्यावर लगेच रेड ऑक्साइडचा हात. मग पुट्टीचे पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर घासून. जाड थर एकदम दिला, तर हादऱ्यांनी तडकतो.

५/ खानदेशचा उन्हाळा या कामाला अनुकूल नाही. तापलेल्या पत्र्यावर ऑइल पेंटला फोड येतात आणि ओल्या रंगावर फुफाटा बसतो. म्हणून शेवटचा हात सकाळच्या गारव्यात, आडोशाला देणे श्रेयस्कर.

६/ या कामाचे वेळापत्रक सणापेक्षा ‘पासिंग’ ठरवते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. आठ वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी. एमएच-१८ धुळ्याची, एमएच-१९ जळगावची. दोन्हीकडे तपासणीआधी गंज आणि रंग उरकण्याची घाई तीच.

७/ रंगांची निवडही सर्वस्वी मालकाची नव्हती. याच नियमांनी राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकला वाळक्या पानासारखा तपकिरी रंग, ३० सेंटिमीटर रुंद पांढरी किनार आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘नॅशनल परमिट’ ही अक्षरे ठरवून दिली. केबिनवरची फुले, मोर, देवांची नावे ही नियमांनी मोकळ्या सोडलेल्या जागेतली कला. मागच्या मजकुरालाही मर्यादा आली: महाराष्ट्राने ३० एप्रिल २०१५ रोजी ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास बंदी केली.

८/ या कलेची किंमत फुप्फुसांनी मोजली. तेजस्वी पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचे क्रोमेट असे. जुना थर कोरड्या कागदाने घासला की शिसे धुळीवाटे श्वासात जाते. १ नोव्हेंबर २०१७ पासून शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. वाहनांचे औद्योगिक रंग तिच्या कक्षेबाहेर राहिले. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर पृष्ठभाग गुळगुळीत करतोच, शिवाय धूळही दाबतो. तरीही तोंडाला मास्क हवाच.

९/ आता केबिन कारखान्यातूनच तयार येते. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले. चालकासाठी हे न्याय्यच आहे. ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात बसून त्याने दशके काढली. पण सुताराचे काम त्याने आटते, आणि कुंचल्याची जागा रेडियमच्या पट्ट्या घेतात.

१०/ ट्रकच्या कोपऱ्यात पेंटर आपले नाव बारीक अक्षरांत लिहीत असे. पुढच्या पासिंगला तेच नाव आधी खरवडले जाई, कारण गंज काढायचा तर जुना थर ठेवता येत नाही. ही कला टिकवण्याची रीतच तिचा पुरावा पुसणारी होती. म्हणून जुन्या थरांखाली जे उरले आहे, त्याचे छायाचित्र खरवडण्याआधीच घेतले पाहिजे.