ऊन उतरल्यावर

शिवाजी पार्क, दादर. मे महिन्याचा मध्य. सीमारेषेवर उभ्या पोराच्या नाका-गालांवर झिंकचा पांढरा पट्टा आहे. मानेला मात्र काहीच नाही.

सकाळी ९.३० : ऊन तिरपं. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत जवळपास ९५ टक्के यूव्हीए. ते चटका देत नाहीत, पण कातडीत खोल उतरतात.

११.०० : मानेच्या पेशींतली फ्लाविन, पॉर्फिरिन ही द्रव्यं किरण शोषतात आणि एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या गळ्यात मारतात. सुपरऑक्साइड तयार होतं : एक इलेक्ट्रॉन जोडीविना, म्हणजेच फ्री रॅडिकल. विकरं त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतात, मग पाणी. अजून सगळं आटोक्यात.

१२.३५ : सूर्य थेट डोक्यावर, स्टंपांची सावली स्टंपांच्याच बुडाशी. यूव्हीबीही भरात. फेरिटिनमधलं लोह सुटतं, पेरॉक्साइडला भेटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतं. याला आवरणारं विकर शरीरात नाही. पेशीपटलातल्या मेदाच्या रेणूतून ते हायड्रोजन हिसकावतं. तो रेणू मग शेजाऱ्याचा हिसकावतो, शेजारी पुढच्याचा. ई जीवनसत्त्व ही साखळी तोडतं आणि खर्ची पडतं. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा उभं करतं. दोघांचाही साठा मोजकाच.

५.३० : सामना संपला. मान चुरचुरतेय. घरी कोरफड लावतील. चुरचुर कमी होईल, एवढंच.

रात्री ८.०० : पोरगा जेवायला बसलाय. ऊन संपलं, इजा संपली, असंच कुणालाही वाटेल. पण २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने दाखवलं, की रंगपेशींच्या डीएनएला अंधारातही तीन तासांहून अधिक काळ इजा होत राहते. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनतं; ते मेलॅनिन या कातडीच्या रंगद्रव्याच्या तुकड्यांतला इलेक्ट्रॉन वर चढवतं आणि ती ऊर्जा डीएनएवर उतरते. शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, अगदी भर दुपारी यूव्हीबीने चिकटावीत तशी. 'आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही' म्हणणाऱ्यांची ढालच इथे फितूर होते.

मध्यरात्र : दुरुस्ती. विकरं चिकटलेला तुकडा कापून नवा बसवतात. फारच बिघडलेल्या पेशींना पी५३ हे प्रथिन मरायला लावतं. काही दिवसांनी मानेची सालं निघतात, त्यात त्याही असतात. लोक सालांना घाबरतात. खरं तर मेलेली पेशी निरुपद्रवी.

वेळ सांगता येत नाही : एक जोड दुरुस्तीतून निसटली. रंगपेशी क्वचितच दुभंगते, पण दुभंगते. नक्कल होताना सायटोसिनच्या जागी थायमिन बसतं, समोरच्या धाग्यावर त्याला जुळणारं अक्षरही बसतं. आता विकरांना तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीच दिसत नाही.