दुसऱ्या आकृतीचे भाष्यकार

मूळ संहिता एक सांगते, भाष्यकार दुसरेच सांगतो, आणि दोन पिढ्या उलटल्यावर भाष्यच मूळ म्हणून शिकवले जाऊ लागते. पाठपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मात्र तो जुन्या पोथ्यांपुरता मर्यादित आहे, या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण सॉफ्टवेअरच्या इतिहासात आहे. येथे मूळ संहिता जेमतेम अकरा पानांची, इंग्रजीत छापलेली आणि सहज मिळणारी. तरीही व्हायचे ते झालेच.

ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथील वेस्कॉन परिषदेत विन्स्टन रॉइस या अभियंत्याने मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या निर्मितीचे व्यवस्थापन कसे करावे, यावर एक निबंध सादर केला. रॉइस टीआरडब्ल्यू या कंपनीत होता आणि अवकाशयानांच्या मोहिमांसाठी लागणारी सॉफ्टवेअरे तयार करून घेण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. निबंधातील दुसऱ्या आकृतीत सात चौकटी पायऱ्यांसारख्या उतरत जातात: प्रणालीच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. एक काम संपले की दुसरे. आकृती देखणी आहे, एका दृष्टिक्षेपात कळते, आणि तोच तिचा घात ठरला.

कारण थोडे पुढे गेल्यावर रॉइस म्हणतो की या कल्पनेवर आपला विश्वास असला, तरी अशा रीतीने ती अमलात आणणे धोक्याचे आहे. त्याचे कारणही तो देतो. चाचणी सर्वांत शेवटी येते, आणि प्रणालीला किती वेळ लागतो, साठवण किती पुरते, या गोष्टी तोवर केवळ कागदावर मांडलेल्या असतात. त्यांचा खरा अनुभव तिथे प्रथमच येतो. तेथे गणित चुकले तर आराखड्यापर्यंत, कधी गरजांपर्यंत मागे जावे लागते, आणि खर्च वा मुदत दुप्पट होऊ शकते. उरलेला निबंध या धोक्यावरच्या पाच उपायांना वाहिलेला आहे. त्यांतला एक विशेष लक्षणीय आहे: काम दोनदा करा. तीस महिन्यांचा प्रकल्प असेल, तर त्यातले दहा महिने एक छोटी प्राथमिक प्रणाली उभारण्यात घालवा, तिच्यापासून शिका, मग खरी बांधा. लेखकाला कच्चा खर्डा का लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

'धबधबा' हा शब्द या निबंधात कोठेही नाही. तो आला १९७६ मध्ये, बेल आणि थेयर या दोघांच्या निबंधातून. तेही टीआरडब्ल्यूचेच, आणि त्यांनी रॉइसचा हवाला दिला होता. रूपकाची निवड पाहण्यासारखी आहे. जिना चढता येतो आणि उतरताही येतो. धबधब्याचे पाणी मात्र वर जात नाही. रॉइसने मागे जाणारे बाण काढले होते, नावाने ते पुसून टाकले.

पुढे रूपकाला शासनाचे बळ मिळाले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २१६७ क्रमांकाचे मानक लागू केले. त्याच्या मांडणीत टप्प्यामागून टप्पा होता आणि टप्प्यांगणिक औपचारिक आढावे व कागदपत्रे होती. कंत्राट हवे असेल तर याच क्रमाने चालणे आले. १९८८ च्या सुधारित आवृत्तीने कामे एकमेकांत मिसळू शकतात, पुन्हा पुन्हा करता येतात, असे स्पष्ट म्हटले. पण शब्द वाचणारे थोडे आणि आकृती पाहणारे फार, हा अनुभव पुन्हा आला. १९९४ मध्ये ते मानक बदलले गेले. वापरणाऱ्याला काय हवे आहे हे त्याला स्वतःलाच प्रणाली हाताळल्यावर उमगते, एवढी साधी गोष्ट कंत्राटाच्या भाषेत बसत नव्हती. सही झालेल्या गरजा बदलणे म्हणजे दोष, आणि दोष म्हणजे वाद.

येथपर्यंतची कथा आता बरीच प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये युटातील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी लवचिक कार्यपद्धतीचा, म्हणजे 'अजाइल'चा, जाहीरनामा लिहिला. ही पद्धत रूढ झाल्यावर रॉइसला 'अन्याय झालेला द्रष्टा' ठरवण्याची चाल पडली: तो मुळात धबधब्याचा विरोधकच होता, असे सांगितले जाऊ लागले. माझ्या मते हेही अर्धेच वाचन आहे. याच निबंधात रॉइस कागदपत्रांचा कमालीचा आग्रह धरतो. पन्नास लाख डॉलरांच्या यंत्रसामग्रीला तीस पानांचे वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पाने लागतील, असा त्याचा अंदाज आहे. त्याला क्रम हवा होता. क्रमाचा आंधळेपणा नको होता. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीची पाने उचलली.

हर्बर्ट बेनिंग्टनचा अनुभव याच जातीचा. हवाई संरक्षणाच्या सेज प्रणालीवरील त्याचा टप्प्याटप्प्यांचा निबंध १९५६ चा, म्हणजे रॉइसच्याही आधीचा. १९८३ मध्ये तो पुन्हा छापला गेला, तेव्हा बेनिंग्टनने नवी प्रस्तावना जोडून एक राहून गेलेली गोष्ट सांगितली: ते काम हाती घेण्यापूर्वी प्रयोगादाखल एक प्रणाली बांधून पाहिली होती. मूळ निबंधात तिचा उल्लेखच नव्हता. सत्तावीस वर्षांनी लेखकाने स्वतःच दिलेला हा पाठभेद, पण तोवर वाचक पुढे निघून गेले होते.

रॉइसच्या निबंधातील शेवटची, दहावी आकृती पाचही उपाय एकत्र दाखवते. ती गिचमिड आहे; बाण, कागदपत्रे, आढावे यांची दाटी. पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच दिसते. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिकांत 'वॉटरफॉल मॉडेल सुबक आकृतीसह स्पष्ट करा' या प्रश्नाला जी पायऱ्यांची आकृती पट्टीने आखून काढली जाते, ती दुसरी.