सनी डेज आणि आमची पडवी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मागच्या महिन्यात एडवणला गेलो होतो. सफाळ्याला गाडीतून उतरून एसटी पकडली आणि घरी पोचल्यावर चहा व्हायच्या आत काकाने माळा साफ करायला लावला. (नातेवाईक मंडळी वाचतायत हे माहीत आहे. हो, माळा अजून अर्धाच साफ झालाय.) जुन्या डोलीच्या जाळ्यांखाली पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेत वाळवीच्या तावडीतून सुटलेली दहा-बारा पुस्तकं. त्यातलं एक सुनील गावसकरचं 'सनी डेज'. कव्हर गेलेलं, पानं पिवळी, आणि इतक्या वर्षांनंतरही सुक्या बोंबलाचा वास!

हे पुस्तक आमच्या घरी कसं वाचलं गेलं ते सांगायचंय. सध्या खेळाडूचं आत्मचरित्र आलं की त्यावर गदारोळ ठरलेला. 2014 मध्ये सचिनचं आलं, तर पुस्तक हातात पडायच्या आधीच ग्रेग चॅपेलवरून वाद पेटला होता. तिकडे फुटबॉलवाल्यांचं तर विचारूच नका. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने 2002 च्या पुस्तकात हालांडला आपण मुद्दाम कसं तुडवलं ते लिहिलं, आणि वाचणाऱ्यांमध्ये इंग्लंडची फुटबॉल संघटनाही होती. दीड लाख पौंड दंड, वर पाच सामन्यांची बंदी. शब्द आपले आहेत असं त्याचं पुस्तक लिहून देणाऱ्या पत्रकाराने सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. (त्याच हालांडचा मुलगा 2022 मध्ये मँचेस्टर सिटीत आला आणि खोऱ्याने गोल करू लागला, हा वेगळा विषय.) पण हे सगळे वाद शहरातले, पेपरातले. आमचा वाद पडवीत झाला होता.

'सनी डेज' 1976 मध्ये आलं तेव्हा गावसकर सत्तावीस वर्षांचा होता. काका शाळामास्तर, घरातला पहिला इंग्रजी वाचणारा. मुंबईला गेला की फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं चाळायचा. तिथून त्याने हे आणलं 1979 च्या मे महिन्यात. मी बारा वर्षांचा. सुट्टी होती, रात्री जेवणं झाली की पडवीत कंदील टांगून काका वाचायचा आणि लगेच आपल्या भाषेत सांगायचा. ऐकायला बाबा, शेजारचे दोघं-तिघं खलाशी, आम्ही पोरं, आणि कोपऱ्यात जाळं विणत बसलेली आजी. आजीला क्रिकेटमधलं शून्य कळायचं. पण गावसकर कोण हे माहीत होतं, कारण ट्रान्झिस्टरवर तो खेळत असला की घरातले पुरुष हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.

पहिल्याच पानावर ती गोष्ट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 10 जुलै 1949, मुंबईतलं प्रसूतिगृह. नात्यातले नारायण मसुरेकर, म्हणजे नन-काका, बाळ बघायला येतात आणि डाव्या कानाजवळचं बारीक भोक त्यांच्या नजरेत भरतं. दुसऱ्या दिवशी परत येतात, बाळाला उचलतात, तर भोक गायब! धावपळ, शोधाशोध. शेवटी छोटा सुनील सापडतो तो एका कोळणीशेजारी निवांत झोपलेला. आंघोळ घालताना बाळांची अदलाबदल झाली असावी. पुढे गावसकर लिहितो की नन-काकांची नजर इतकी तीक्ष्ण नसती तर मी पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी राबणारा एक अनामिक मच्छीमार झालो असतो.

काका इथे अडखळला. इंग्रजी शब्दाला चटकन मराठी सुचेना. डिक्शनरी आणली. "अप्रसिद्ध, अंधूक, कुणाला माहीत नसलेला..." तो वाचत गेला आणि पडवीत शांतता पसरली. पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी म्हणजे कुठे? आम्हीच की तिथे बसलो होतो!

बाबा म्हणाले, "कुणाला माहीत नाही? दातिवऱ्यापासून सातपाटीपर्यंत मला सगळे ओळखतात." सगळे हसले, पण बाबा हसत नव्हते. एक खलाशी म्हणाला, बरं झालं बाबा सापडला, नाहीतर इकडे येऊन बोंबील वाळवत बसला असता आणि आपण कॉमेंट्री कुणाची ऐकली असती? त्यावर पुन्हा हशा. मग आमच्यातल्या एकाला, जो ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर खेळताना बॅट सोडायचाच नाही, त्याच्या कानाला भोक आहे का ते कंदील जवळ नेऊन तपासण्यात आलं. त्याला नंतर कित्येक वर्षं 'बदललेला' म्हणत.

आजी मात्र जाळ्यावरची मान वर न करता म्हणाली, "आणि त्या बायचं पोर? तिला कोणी विचारलं का नाय?"

काकाने सांगितलं की गावसकरनेही त्या मुलाची आठवण काढलीय. तो कुठे असेल, हे पुस्तक कधी वाचेल का, असं त्यालाही वाटतं. आजीचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, काकाला भोक दिसलं हे ठीक, पण पोर बदललं हे आईला कळलं नसणार कसं? ती बाळंतीण थकून झोपली असेल म्हणून, नाहीतर तिनेच पहिली ओरड केली असती. आणि हेही तीच म्हणाली की 1949 साली आपल्याकडची बाई बाळंत व्हायला मुंबईच्या इस्पितळात कशाला जाईल? आमच्याकडे सुईण घरी यायची. ती असणार वरळी, माहीम नाहीतर कुलाब्याकडची कोळीण. एका वाक्यात तिने पश्चिम किनाऱ्याचा नकाशा दुरुस्त करून टाकला. आजही तो परिच्छेद वाचला की मला आजीचा हा मुद्दा बिनतोड वाटतो.

बाबांना लागलं ते का लागलं, हे तेव्हा मला कळलं होतं. वर्गात गलका झाला की बाहेरगावचे एक मास्तर ओरडायचे, "काय मच्छीबाजार मांडलाय!" वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन मच्छीबाजारातच गेलेल्या असायच्या. मास्तरांच्या मनात काही नसायचं, भाषेतच तसं होतं. गावसकरच्या मनातही नसणार. तरी बाबा दोन दिवस वाचनाला बसले नाहीत.

परत आले ते किंग्स्टनच्या प्रकरणाला. त्या प्रकरणाच्या नावातच रानटीपणा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1975-76 मध्ये ऑस्ट्रेलियात लिली आणि थॉमसनने वेस्ट इंडिजला 5-1 असं सोलून काढलं होतं. लगेच आपला संघ तिकडे गेला आणि एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात 403 धावांचं लक्ष्य गाठून कसोटी जिंकला. गावसकर 102, विश्वनाथ 112. तोवर कसोटीत चौथ्या डावात इतक्या धावा करून फक्त ब्रॅडमनच्या संघाने सामना जिंकला होता, 1948 मध्ये लीड्सला. क्लाइव्ह लॉइडने फिरकीचा नाद सोडला आणि 21 एप्रिलला सबिना पार्कवर वेगवान गोलंदाजांचा ताफा उतरवला. खेळपट्टीवर चेंडू कधी कुठून उसळेल याचा नेम नाही. हेल्मेट अजून आलेलं नव्हतं. गावसकर आणि अंशुमन गायकवाड यांनी 136 ची सलामी दिली आणि मग होल्डिंगच्या चेंडूंनी शरीराचा माग काढायला सुरुवात केली. गायकवाड 81 वर कानावर चेंडू लागून थेट इस्पितळात. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर बसला. विश्वनाथचं बोट मोडलं. 306 ला 6 असताना बेदीने डाव सोडला, कारण स्वतःचे आणि चंद्रशेखरचे हात त्याला गोलंदाजीसाठी वाचवायचे होते. गंमत अशी की क्षेत्ररक्षणात त्या दोघांचेही हात दुखावलेच. दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर 97 ला खेळ खलास, कारण उरलेले पाच जण फलंदाजीला येण्याच्या अवस्थेत नव्हते. वेस्ट इंडिजला जिंकायला 13 धावा हव्या होत्या.

हे सगळं काकाने असं काही वाचलं की अंगावर काटा आला. पंच गप्प, प्रेक्षक मारा, ठार करा म्हणून ओरडतायत, गायकवाड कोसळतोय. पडवीतले सगळे खवळले. आणि मग ते वाक्य आलं. प्रेक्षकांच्या वागण्याने संतापलेल्या गावसकरने लिहिलंय की हे लोक सुसंस्कृत देशात नव्हे, जंगलातच शोभतील. काकाने ते दोनदा वाचलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. मी तर टाळ्या वाजवल्या.

त्या वाक्यावर वेस्ट इंडिजमध्ये फार कडवट प्रतिक्रिया उमटल्या, हे मला मोठा झाल्यावर कळलं. 1971 मध्ये याच गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत 774 धावा केल्या तेव्हा तिकडे त्याच्यावर कॅलिप्सो रचला गेला होता. स्वतःच्या गोलंदाजांची पिसं काढणाऱ्या परक्या पोराचं गाणं करणारे लोक! आणि गावसकरने 1976 मध्येच जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवलं रोहन, गयानाच्या रोहन कन्हायवरून. कन्हायचे पूर्वज गिरमिटिया म्हणून तिकडे गेलेले. जमैकातही 1845 पासून आपली माणसं गिरमिटिया म्हणून ऊसमळ्यांवर राबायला गेली होती, आणि त्यांच्या आधी तोच ऊस आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसं तोडत होती. त्यांना 'जंगलातले' म्हणत मळेवाले, चाबूक उगारताना. सबिना पार्कच्या गॅलरीत बसलेल्यांचे पणजोबा-खापरपणजोबा ते.

गावसकरची तक्रार खोटी होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. मित्राच्या कानाला लागलेला चेंडू त्याने पाहिला होता, आणि स्वतःही तो त्याच माऱ्यापुढे बिनहेल्मेट उभा राहिला होता. त्या प्रकरणातलं पंचांवरचं, खेळपट्टीवरचं, अंगावर टाकलेल्या चेंडूंवरचं सगळं मी आजही पटवून घेतो. प्रेक्षक वाईट वागले हेही मान्य. पण गुन्हा त्या दिवशीच्या गर्दीचा आणि शिक्षा मात्र तिच्या वंशाला, असं ते वाक्य आहे. सत्तावीस वर्षांच्या रागावलेल्या माणसाचं वाक्य. पुढे 1983 च्या 'आयडॉल्स'मध्ये त्याने कन्हायवर इतकं भरभरून लिहिलंय की हा तोच लेखक का, असा प्रश्न पडतो. माणूस एका वाक्यात मावत नाही हे खरं, पण वाक्य छापलेलं राहतं.

मला त्याची पुन्हा आठवण झाली 2020 च्या जुलैत. करोनानंतरची पहिली कसोटी साउदॅम्प्टनला होती, पाऊस पडत होता आणि टीव्हीवर होल्डिंग बोलत होता. तोच मायकेल होल्डिंग! काळ्या माणसाला माणूस न समजणं किती जुनं आहे, शाळेत शिकवला जाणारा इतिहास जिंकणाऱ्यांनी कसा लिहिलाय, हे सांगत होता. दुसऱ्या दिवशी आईवडिलांबद्दल विचारल्यावर त्याला रडू आवरेना. नवरा फार काळा म्हणून आईच्या घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी एकटाच टीव्हीसमोर बसलो होतो आणि एकदम पडवी आठवली, माझ्या टाळ्या आठवल्या.

म्हणून परवा ट्रंकेतून पुस्तक निघालं तेव्हा मी आधी तेच प्रकरण उघडलं. काकाला पेन्सिलीने खुणा करायची सवय. पहिल्या पानावर मच्छीमाराच्या ओळीशेजारी त्याचं मोठं प्रश्नचिन्ह आहे, पेन्सिल दाबून काढलेलं, मागच्या पानावर उमटलेलं. किंग्स्टनच्या प्रकरणात त्या जंगलाच्या वाक्याखाली जाड रेघ आहे आणि समासात लिहिलंय, 'शाब्बास!!'

काकाला दाखवलं. आता त्याला भिंगाशिवाय दिसत नाही. भिंग लावून त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे माझं अक्षर नव्हे रे. माझा 'श' असा नाही. हे तुझं आहे."

माझंच होतं. मी अजून 'श' तसाच काढतो.

खोडरबर घरात होतं. काका म्हणाला, "खोडू नको, पान फाटेल." मग मला विचारलं, "बाबांना तेव्हा काय वाटलं असेल रे, मांडीवर थाप मारली तेव्हा?" मला उत्तर आलं नाही. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. काका पुढे बोलला नाही, उठून आशापुरीच्या देवळाकडे फिरायला गेला.

पुस्तक आता भाच्याकडे आहे. तो पालघरला असतो, क्रिकेटवेडा आहे, त्याने मागून नेलं. मी त्याला काहीच सांगितलं नाही. काल त्याचा फोन आला. मला वाटलं किंग्स्टनपर्यंत पोचला असेल, 'शाब्बास' सापडलं असेल, म्हणून काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. पण तो अजून पहिल्याच पानावर होता.

"मामा, त्या दुसऱ्या बाळाचं पुढे काय झालं?"